मुलांकडे कोण बघत होतं

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या साहेबांनी मला फसवलं. पैशाचा व्यवहार आमच्यात कधी झाला नाही. त्यांनी पोलिसासमोर खोटं सांगितलं आणि त्या खोट्यापायी माझी बायको आणि मुलगी दुबई सोडून गेल्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हा माणूस गोष्ट फिरवून आपल्या बाजूने आणतो असं कोणी म्हणायला नको.

मी कऱ्हाडच्या बाजूचा. दुबईत आलो तेव्हा देरातल्या एका फर्निचरच्या दुकानात कपाटं उचलायचं काम करत होतो. पुढे जुन्या ऑफिस फर्निचरचा स्वतःचा धंदा केला. २००८ची मंदी आली आणि एकेक ऑफिस बंद पडायला लागलं. माणसं गेली, खुर्च्या राहिल्या. ज्या कंपन्यांचे मॅनेजर मला रिसेप्शनच्या पुढे येऊ देत नव्हते, तेच फोन करून विचारायचे, "भाई, आज उठाओगे क्या? आज ही चाबी देनी है." मी जायचो, खुर्ची उलटी करून चाकं बघायचो, आणि असा भाव सांगायचो की समोरचा आधी चिडायचा आणि मग गप्प व्हायचा. मंदीने अनेकांना घालवलं आणि मला उभं केलं. त्याची मला लाज वाटत नाही. खुर्च्या मी रिकाम्या केल्या नव्हत्या.

तोवर आम्ही करामा नावाच्या गजबजलेल्या भागात राहत होतो, एका जुन्या इमारतीत. माझी मुलगी सहा-सात वर्षांची. करामात ती एकटी खाली जायची. खाली मलबारी माणसाचा बकाला होता, म्हणजे आपलं किराणा दुकान. ती मुठीत दिरहम धरून जायची आणि खुबूस, म्हणजे अरबी रोटी, घेऊन यायची. एकदा त्याने सकाळचा खुबूस दिला, तर ती जिन्यातून परत फिरली. "अंकल, धिस वन इज ओल्ड," म्हणून ताजा घेऊन आली. मलबारी मला भेटला तेव्हा हात जोडून म्हणाला, "शेठ, आप मत आना, बेटी को मत भेजना, भाभी को भेजो." मी दिवसभर हसत होतो. धंद्यात मला पुष्कळ वर्षांनी जे जमलं, ते त्या पोरीला उपजत येत होतं. रस्ता ओलांडायलाही मीच शिकवलं होतं: आधी थांबायचं, गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघायचं, त्याने आपल्याला पाहिलं याची खात्री झाली की मग पाय टाकायचा.

मंदीत भाडी पडली. बायकोला मोठं स्वयंपाकघर हवं होतं. शहराबाहेरच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये नवे टॉवर अर्धे रिकामे होते. एजंट म्हणाला हा शेवटचा भाव, मी म्हणालो मग चहा पाज, मी जातो. चहा संपेपर्यंत भाडं खाली आलं. दोन बेडरूम, खाली खेळायची जागा, झोपाळा, घसरगुंडी. चारी बाजूंना वाळू होती. काम थांबलेल्या इमारती उभ्या होत्या, त्यांच्या क्रेन एकाच दिशेला तोंड करून थांबलेल्या. बायकोने बाल्कनीतून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, इथे माणूस दिसत नाही."

"दिसेल. भाडं कमी आहे ना, येतील."

लिफ्टमध्ये नोटीस होती. बारा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्या माणसाशिवाय लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, खेळायच्या जागेत जाऊ नये. मी ती वाचली आणि सोडून दिली. माझ्या धंद्यात लिहिलेली गोष्ट हा पहिला भाव असतो. कोणी तो देत नाही आणि सांगणाराही तशी अपेक्षा करत नाही. खालचा नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, पेशावरकडचा होता. तोही म्हणाला, "बच्चा खेलेगा नहीं तो क्या नमाज पढ़ेगा? जाने दो."

त्या टॉवरमध्ये आम्ही मराठी कुटुंबं थोडी होतो, जवळजवळ सगळे पगारदार, मुंबई-पुण्याचे. वरच्या मजल्यावरचे साहेब त्यांत मोठे. पुण्याचे, कुठल्याशा कंपनीत आयटी मॅनेजर. त्यांना एकच मुलगा, पाच वर्षांचा. मला ते ‘शेठ’ म्हणायचे. त्या शब्दात थोडी मस्करी होती हे मला कळत होतं. मीही त्यांना ‘साहेब’ म्हणायचो, आणि त्यातही होती.

मुलांना एकटं खाली सोडावं का, यावर शुक्रवारी, म्हणजे इथल्या तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी आमच्यात वाद व्हायचे. एका वहिनींचं म्हणणं, "इथे कायदा कडक आहे हो, काही झालं तर आईबापाला धरतात." दुसऱ्या म्हणायच्या, "अमेरिकेत तर पोर गाडीत ठेवून दूध आणायला गेलं तरी पोलीस येतो." साहेब यावर उसळायचे. मोकळं सोडण्याच्या बाजूने त्यांच्याइतकं कोणी बोलत नसे.

"अहो, हे जगातलं सगळ्यात सेफ शहर! आम्ही या वयात पर्वतीवर एकटे चढायचो. ही पोरं बघा, ग्लासभर पाणी मागायला पण आई लागते. मुलांना मोकळं सोडा, पडू द्या, उठू द्या. काय शेठ?"

"मी सोडलेलंच आहे," मी म्हणालो. "माझी करामात एकटी दुकानाला जायची."

"बघा! शेठ शिकलेले नाहीत, पण आपल्यापेक्षा मॉडर्न आहेत."

सगळे हसले. मीही हसलो. असल्या बोलण्याची नोंद मी ठेवतो, पण तेव्हा बोललो नाही, कारण माणूस माझ्या बाजूने बोलत होता. त्या बैठकीत साहेबांनीच ठरवलं की पुरुषांनी आळीपाळीने बघायचं. शुक्रवारी एकाने खाली बाकावर बसायचं, बाकीच्यांनी आपापल्या बाल्कनीतून नजर टाकायची. "माझ्या बाल्कनीतून तर सगळं दिसतं," ते म्हणाले, "मी बसल्या जागेवरून कंट्रोल रूम चालवतो." पाळी कोणाची, हे कधी नीट ठरायचं नाही. आपल्यात तसं ठरत नाहीच. दोनचार घरं एकत्र आली की सगळे सगळ्यांच्या मुलांकडे बघतात असं आपण धरून चालतो. गावात ते खरंही असतं. ओट्यावर कोणीतरी म्हातारी असते, दुकानात कोणी असतो, पोर वेशीबाहेर निघालं तर चार तोंडं ओरडतात. टॉवरला ओटा नव्हता. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मंदीनंतरच्या दुसऱ्या जानेवारीत बायकोने संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. करामाच्या खोलीत तिला ते कधी जमलं नव्हतं. वाणाला स्टीलच्या वाट्या मी देरातून घाऊक भावाने आणल्या होत्या. शुक्रवारी दुपारनंतर लिफ्ट भरभरून बायका आल्या. काठापदराच्या साड्या, गजरे मीना बाजारातले, हातात डबे. काही जणी पार शारजाहून आल्या होत्या. घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. रिवाजाप्रमाणे आम्हा पुरुषांना हाकललं.

"अहो, तुम्ही जा बघू खाली. पोरांनाही न्या," बायको म्हणाली. काळी साडी नेसली होती. मी तिला इतकी आनंदात फार वेळा पाहिलेली नाही.

आम्ही पुरुष खाली आलो, मुलं आमच्या पुढे पळाली. हवा छान होती. थोड्या वेळाने दोघं-तिघं चहाला गेले. बाकावर साहेब आणि मी उरलो. तेवढ्यात मला फोन आला. अल बर्शातल्या एका ऑफिसची चावी संध्याकाळी जायची होती, टेबलं आत, दुसरा एक व्यापारी दारात उभा. असा फोन आला की जायचं असतं, तिथे उद्या नसतो. मी उठून साहेबांना म्हणालो,

"साहेब, मला बर्शाला जावं लागतंय. पोरं तुमच्या ताब्यात. बघाल ना?"

"जा हो शेठ, खलास. मी आहे ना."

हे शब्द. खलास म्हणजे इथल्या बोलीत ‘ठरलं’. मी व्यवहारातला माणूस आहे; कोण काय बोललं ते मला जसंच्या तसं आठवतं. मी विचारलं, त्यांनी हो म्हटलं, मी गेलो. मुलीला जाताना हात केला. ती झोपाळ्यावर होती आणि साहेबांच्या मुलाला झोके देत होती.

पुढचं मला नंतर कळलं. मी गेल्यावर साहेबांना त्यांच्या बॉसचा फोन आला. शुक्रवार असूनही. त्यांच्या कंपनीत माणसं कमी करायची चालली होती आणि लॅपटॉप वर होता. ते वर गेले. खाली मोठी मुलं आहेत, नातूर आहे, वर बायका आहेत, असं त्यांनी धरलं असेल. बाल्कनीचं दार बंद करून ते फोनवर बसले. नातूर कोणाची तरी गाडी पार्किंगमध्ये लावून घेत होता. मोठी मुलं चेंडूच्या मागे इमारतीच्या पलीकडे गेली. बायकांना वाटत होतं पुरुष खाली आहेत.

साहेबांचा मुलगा रडायला लागला, त्याला तहान लागली होती. माझ्या मुलीला वर जायचं नव्हतं, कारण वर गेलं की बायका गाल ओढतात. तिच्या फ्रॉकच्या खिशात दिरहम होते. मागच्या रस्त्यापलीकडे नवीन बकाला उघडला होता. मागचं फाटक सामानवाल्यांनी विटेने उघडं ठेवलेलं होतं. तिने त्याचा हात धरला आणि निघाली.

रस्ता रुंद, गाड्या थोड्या, पण ज्या यायच्या त्या सुसाट. तिने थांबून बघितलं, एक ट्रक जाऊ दिला, मग ओलांडला. दुकानातून ज्यूसचे दोन डबे घेतले. परत येताना दुभाजकापाशी उभी राहिली तेव्हा एका बाईने गाडी थांबवली. दोन लहान मुलं, मोठं माणूस नाही, आजूबाजूला वाळू. तिने मुलांना हलू दिलं नाही आणि पोलिसांना फोन केला. त्या बाईवर माझा राग नाही. तिने जे पाहिलं त्यावर कोणीही तेच केलं असतं.

बायकोचा फोन आला तेव्हा मी बर्शात टेबलांच्या भावावरून भांडत होतो. तिला बोलता येत नव्हतं. टेबलं टाकून मी परत आलो. लॉबीत सगळा समारंभ उतरला होता. रेशमी साड्या, कपाळावर ताजं हळदीकुंकू, आणि मधे एक तरुण पोलीस. तो अगदी सभ्य होता. मुलांना सोफ्यावर बसवलं होतं, ज्यूस प्यायला सांगितलं होतं. माझी मुलगी पीत नव्हती. मला बघून म्हणाली,

"बाबा, आय लुक्ड बोथ साइड्स. आय हेल्ड हिज हँड."

"माहितीये मला," मी म्हणालो.

पोलिसाने इंग्रजीत विचारलं, मुलांकडे कोण बघत होतं? आणि आमच्या लोकांनी उत्तर दिलं, "वी ऑल, सर." एक वहिनी म्हणाल्या, आमच्यात असंच असतं, सगळे मिळून बघतो. दुसऱ्या म्हणाल्या, आम्ही सगळे एका फॅमिलीसारखे आहोत. पोलीस ऐकून घेत होता. मग त्याने शांतपणे विचारलं, "ऑल इज हू?"

त्याला एक माणूस हवा होता. कायद्याला एक माणूस लागतो, आणि त्यात कायद्याची चूक नाही. मी साहेबांकडे पाहिलं. ते घामाने भिजले होते. हातात अजून हेडफोन होता. मला वाटलं आता ते बोलतील, आणि ते बोललेही. माझ्याकडे बोट करून.

"हिम. द चिल्ड्रन वेअर विथ हिम. आय वॉज इन माय फ्लॅट ओन्ली."

मला आधी राग आला नाही. आधी मला ते कळलंच नाही. मग मी मराठीत ओरडलो, "साहेब, काय बोलताय? तुम्ही म्हणालात ना की मी आहे!" पोलिसाला ओरडणं कळलं, शब्द कळले नाहीत. त्याने हात वर केला, "हबीबी, स्लोली." बाकीच्या पुरुषांकडे बघितलं तर ते चहाला गेलेले, त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. साहेबांच्या बायकोने मुलाला छातीशी धरून मान खाली घातली. तिला ठाऊक होतं. तिच्या मानेवरून कळत होतं.

ठाण्यात मला अरबीतल्या कागदावर सही करावी लागली. दुभाष्याने सांगितलं ते असं, की माझ्या निष्काळजीपणामुळे मुलं धोक्यात आली, आणि पुन्हा असं झालं तर प्रकरण कोर्टात जाईल. मी अधिकाऱ्याशी घासाघीस करायला गेलो. ‘माझ्या’ हा शब्द काढा म्हणालो. दुभाषा म्हणाला, "ये दुकान नहीं है, साहब." साहेबांना काहीच सही करावी लागली नाही. दोघांतला एक मुलगा त्यांचाच होता.

परत आलो तेव्हा इमारतीच्या पार्किंगमध्ये ते भेटले. म्हणाले, "शेठ, समजून घ्या. तुमचा स्वतःचा धंदा आहे, तुम्हाला कोण काढणार? माझ्या नावावर काही आलं तर उद्या लेटर हातात. व्हिसा गेला की महिन्यात सामान बांधा."

"आणि माझी मुलगी?"

"मुलीला काय झालंय? सेफ आहे ना ती."

मी त्यांची कॉलर धरली. कॅमेऱ्यासमोर. मला आजही ते चुकलं असं वाटत नाही. चुकलं असेल तर इतकंच की लवकर सोडली. इमारतीच्या ऑफिसला निमित्त मिळालं. पुढच्या वर्षाचा करार ते करणार नाहीत असं कळवलं. साहेब तिथेच राहिले.

आमच्या घरात मात्र त्याच संध्याकाळपासून सगळं बिघडलं. डब्यांतला तिळगूळ तसाच पडला. बायको एवढंच म्हणाली, "माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला पोलीस." पुढच्या संक्रांतीला तिला कोणी बोलावलं नाही. मंदिरात भेटल्या तर बायका हळू आवाजात बोलायच्या: पोरं टाकून हा धंद्याला पळाला. धंदा हा शब्द त्या वेगळ्याच तऱ्हेने म्हणायच्या, पगाराला तसं म्हणत नाहीत.

पण लोकांच्या बोलण्याने ती गेली नाही, ती त्या सहीने गेली. पुन्हा झालं तर कोर्ट, हे तिच्या डोक्यात बसलं. ती मुलीला दारापर्यंतही एकटी सोडेना. लिफ्टमध्ये हात, बसच्या थांब्यावर हात, मजल्यावरच्या कचऱ्याच्या खोलीपर्यंत जायचं तरी मुलगी बरोबर. आम्ही परत करामात आलो, त्याच मलबाऱ्याच्या जवळ, पण तिथेही तेच. मुलीने एकदा विचारलं, "मी खुबूस आणू?" आणि बायको किंचाळली. मी घरात होतो. तसं किंचाळणं मी ऐकलेलं नाही.

मी तिच्याशी बोलून बघितलं. मुलीला सांभाळायला बाई ठेवतो म्हणालो, एक वर्ष थांब म्हणालो, सुट्टीत जाऊन ये म्हणालो. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "अहो, हा सौदा नाहीये. तुम्ही दिवसभर बाहेर. तिला जरा काही झालं तर तुम्हाला आत टाकतील. मी अशी रोज घाबरत नाही जगू शकत." शाळेचं वर्ष संपलं तेव्हा दोघी सांगलीला तिच्या माहेरी गेल्या. एका वर्षासाठी, असं बोललो होतो. मग तिथली शाळा, मग सासऱ्यांचं आजारपण, मग मुलीची दहावी. मी करामातच राहिलो, आधी त्याच खोलीत, पुढे ती दुसऱ्या दोघांबरोबर वाटून घेतली. वर्षातून एकदा जायचो. माझी मुलगी मोठी होताना मी विमानतळावर बघितली, दर वेळी थोडी उंच.

पुढे या देशात मुलांच्या हक्कांचा नवा कायदा आला. वर्तमानपत्रात वकील लिहायला लागले की मुलाला देखरेखीशिवाय सोडणं हे दुर्लक्ष धरलं जाऊ शकतं. आमच्या मराठी ग्रुपवर रात्रंदिवस वाद. कोणी म्हणतो, बरोबर आहे, बाल्कनीतून पोरं पडतात. कोणी म्हणतो, मग मुलं स्वतःच्या पायावर उभी कधी राहणार? कोणत्या वयाला किती मोकळीक, यावर प्रत्येकाचा आकडा वेगळा. मी वाचतो आणि लिहीत नाही. कायद्याशी माझं भांडण नाही. त्याला धाक घालायचा होता तो त्याने घातला, सगळ्यांना समान. माझं भांडण आहे ते ज्या माणसाला कायद्याने साधा प्रश्न विचारला आणि ज्याने दुसऱ्याचं नाव दिलं त्याच्याशी.

साहेब आता कॅनडात आहेत असं ऐकतो. नोकरी वाचली, पुढे चांगली झाली, घर घेतलं. मुलगा कॉलेजात जातो. बरं आहे.

मागच्या दिवाळीत मी सांगलीला होतो. मुलगी आता मोठी आहे, नोकरीची पत्रं येतात. पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं होतं, ती गेली नाही. एकटी राहायचं नको म्हणते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं तरी आईला विचारते, आणि आई ‘जा’ म्हणाली तरी क्षणभर दारात उभी राहते. मी त्यावरून चिडलो. आवाज चढला. म्हणालो, अगं, तू सहा वर्षांची होतीस तेव्हा मलबाऱ्याला नमवायचीस! ती रडली नाही. खाली बघत म्हणाली,

"बाबा, मी त्या दिवशी दुकानात गेले नसते तर आपण तिथेच राहिलो असतो ना? एकत्र?"

इतकी वर्षं तिने हे मनात ठेवलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी सांगितलं तिला. तुझी चूक नव्हती, तुझ्याकडे बघायला एक माणूस होता, तो उठून गेला आणि नंतर खोटं बोलला. तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही. माझ्यावर तिचा विश्वास नाही असं नाही. पण मी तिचा बाप आहे, आणि तिने मला आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत आपली बाजू ओढताना पाहिलेलं आहे. माझ्या तोंडून ते तिला सौद्यासारखंच वाटणार.

म्हणून साहेब, हे तुमच्यासाठी. आता तुम्हाला कोणी पोलीस विचारणार नाही, व्हिसा कोणी काढून घेणार नाही, बॉस फोन करणार नाही. माझी माफी मागू नका, मला ती नको, मी ती घेणारही नाही. माझ्या मुलीशी बोला. तिला सांगा की त्या शुक्रवारी मुलांना तुम्ही आपल्याकडे घेतलं होतं आणि सोडून वर गेलात. तुमच्या मुलाला तहान लागली तेव्हा तिने त्याचा हात धरून त्याला नेलं आणि सांभाळून आणलं, आणि तुम्ही तिच्या बापाकडे बोट दाखवलं. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला पटेल. इतकी वर्षं ती तुमची चूक वागवते आहे. याचं उत्तर कधी देणार, ते सांगा.